प्रेमराज सरांचा नवस

राष्ट्राचे चारित्र्य मुलग्यांच्या कानामागून सुरू होते, हे शिक्षणशास्त्रातले मूलभूत सत्य आहे. (मुलींच्या बाबतीत ते कुठून सुरू होते, हा विषय संस्थेच्या बैठकीत प्रलंबित आहे.) चोपडा तालुक्यातल्या एका विद्यालयाचे मुख्याध्यापक प्रेमराज सर यांना हे सत्य पहिल्या नेमणुकीतच उमगले होते. केस वाढले की गणित घसरते, असा त्यांचा अनुभव होता. केस कापल्यावर ते वर येत नाही, हाही अनुभव होता. पण तो शिस्तीच्या आड आणणे त्यांना बरे वाटले नाही.

म्हणून त्यांनी केशनियमावली केली. केस पुढे ओढले असता भुवईला टेकता कामा नयेत. सर समतेचे पक्के, त्यामुळे 'विद्यार्थी' हा संकुचित शब्द खोडून त्यांनी 'आवारातील सर्व पुरुष' असे घातले. तिथेच घात झाला. आवारातले सर्वांत लांब केस त्यांचेच होते. ते डाव्या कानावर उगवत, मधले माळरान ओलांडत आणि उजव्या कानापाशी तेलाच्या आधाराने विसावत. ही व्यवस्था कोणाच्याही लक्षात आलेली नाही, या एका विश्वासावर सरांचा जीव टांगलेला होता.

पहिल्याच तपासणीत नववीतला योगेंद्र सापडला. केस थेट मानेपर्यंत. दुसऱ्या दिवशी परिपाठ चालू असतानाच त्याची आजी यशोदाबाई मैदानात येऊन उभी राहिली.

"सर, पोऱ्याना केस देवीले बोलेल शेतस. नवस फिटस तवलोंग कात्री लागाव नही."

नियम सर्वांना सारखा असतो, असे सरांनी माइकवरून समजावले. यशोदाबाईंनी त्यांच्या डोक्याकडे निरखून पाहिले.

"मंग तुम्हना केस कोनता देवले बोलेल शेतस?"

नियम मोडला म्हणावे तर नोकरीची लाज, टक्कल आहे म्हणावे तर जन्माची. सरांचा आवाज चिरकला.

"देवीलाच."

खानदेशात नवस ही खासगी बाब नसते. मधल्या सुट्टीपर्यंत गावाला कळले, संध्याकाळी नवसाच्या जेवणासाठी वरण-बट्टीचा आचारी ठरला. आठवडाभरात नववीच्या बहुतेक मुलांना नवस निघाले (देवी एकच, केशरचना मात्र सिनेमातल्या), आणि नियमावलीला धार्मिक सवलतीचे कलम जोडावे लागले. शिस्तीचा इतका सर्वंकष विजय क्वचितच पाहायला मिळतो.

नवस फेडायच्या दिवशी देवळाच्या पायरीशी झुलाल न्हाव्याने वस्तरा काढला तेव्हा सरांच्या डोळ्यांत पाणी आले. भाविकांना ती भक्ती वाटली. सरांना मात्र खरोखर वाईट वाटत होते; इतक्या वर्षांची सोबत होती.

"दोन मिनिटनं काम शे, सर," झुलाल म्हणाला, आणि त्याला तेवढाही वेळ लागला नाही.

सोमवारी सर गुळगुळीत डोक्याने शाळेत शिरले. कोणी दचकले नाही. कोणी हसलेही नाही. अखेर न राहवून त्यांनी लोटन शिपायाला विचारले, "काही फरक वाटतो का रे?"

"कसाना फरक, सर?" लोटन म्हणाला. "आम्हले तं टक्कल पहिलेपाईनच दिखस."

वाचकांनी सरांना खुशाल हसावे. फक्त हसता हसता आपण पोट आत ओढलेत, किंवा कलप लावलेल्या भांगावरून हळूच हात फिरवलात, तेही दिसते. आम्ही बोलत नाही, इतकेच.