इंगळे काकांचा बॅड डे

खामगावजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये कुणाचं काही बिघडलं, की इंगळे काकांचा चेहरा खुलतो. काका वजनकाट्यावर बसतात. कापसाची गाडी आली की वजन घ्यायचं, पावती फाडायची, एवढंच काम. पण संध्याकाळ झाली की ते काटा सोडून ऑफिसात येतात आणि टेबलाटेबलावर चौकशी करतात, "काय बे, आज काही बिघडलं का?"

बिघडलं असेल, तर त्यावर इंग्रजीतून शोक व्यक्त करतात. हे इंग्रजी ते मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकले. प्रिंटर अडकला, "व्हॉट अ डे!" मालक ओरडले, "आय ॲम कम्प्लीटली ड्रेन्ड!" ओरडा खाल्ला अकाउंटंट शेख साहेबांनी, ड्रेन्ड इंगळे काका. एकदा एक मांजर काट्यावर येऊन बसलं आणि हलेना. "वन थिंग आफ्टर अनदर, म्याडम," काका कपाळाला हात लावून म्हणाले. दुसरी थिंग कोणती, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत एकही गाडी आली नव्हती.

ऑफिस मी सांभाळते. सकाळी दिवसाची कामं कागदावर मांडते, संध्याकाळपर्यंत सगळी खोडते. काकांच्या लेखी माझं टेबल म्हणजे कोरडी विहीर.

"म्याडम, तुमचं कधीच काही चुकत नाही का हो?"

"नाही."

"अरेरे," ते मनापासून म्हणाले.

परवा संध्याकाळी मी पावत्या आणायला काट्यावर गेले, तर काकांचा व्हिडिओ कॉल चालू होता. पडद्यावर टोरांटोची नात. तिकडे सकाळ, दप्तर पाठीला, एक बूट पायात, एक हातात. तिला मराठी येत नाही.

"हाऊ वॉज युवर डे, आबा?"

काका चाचरले. "गुड."

"नाइस! बाय, आबा!"

पडदा काळा झाला. काका तरी त्याच्याकडे पाहत राहिले.

"मांजराचं सांगायचं की," मी म्हटलं.

"ते मागच्याच हप्त्यात सांगतलं. लय बोलली तवा. कोणत्या रंगाचं होतं, काऊन उठत नव्हतं, समदं इचारलं. दिवस चांगला गेला म्हटलं का बाय म्हणते. खराब गेला म्हटलं का शाळेची बस येईपर्यंत बोलते."

"मग द्यायचं काहीतरी ठोकून."

"लेकराले खोटं सांगू?" काका माझ्यावर चक्क चिडले.

काल सगळं सुरळीत होतं. काका फेरी मारून रिकाम्या हातांनी परत निघाले. शेख साहेबांचाही दिवस छान गेला होता. हा माणूससुद्धा नेमका तेव्हाच सुधारतो. मी कागद पाहिला. सगळी कामं खोडलेली. समोर उद्याचे गेटपास, शिक्के मारून, नंबर लावून, एकावर एक रचलेले.

चहाचा भरलेला कप मी त्या गेटपासांवर आडवा केला.

"काका! सत्यानाश झाला!"

काका धावत आले. गेटपासांवरून चहा खाली ठिबकत होता.

"कसं झालं, म्याडम?"

"हात लागला." खोटं न बोलण्याचा नियम त्यांचा होता, माझा नव्हे.

"ओह माय गॉड! टोटल डिझास्टर!" म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उजळला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"हाऊ वॉज युवर डे, आबा?"

काकांनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले. "बॅड, बेटा. व्हेरी, व्हेरी बॅड."

पलीकडे दप्तर खाली ठेवल्याचा आवाज आला.