माणिकरावांचा उपाशी गुरुवार

पुन्हा सुई टोचली तरी माझ्या हातातून रक्त येईना. माझे डोळे मिटत होते आणि माणिकराव कानाशी ओरडत होते, “चुडावा, झोपायचं न्हाई. चुडावा, हिकडं बघा.”

चुडावा हे माझं नाव नाही, गावाचं आहे. परभणीच्या त्या दवाखान्यात माणिकराव कुणालाच नावानं हाक मारत नसत. ते तिथले कंपाउंडर. नंबर लावायचे, रक्तही काढायचे. हार्मोनचे मोठे डॉक्टर बाहेरगावाहून फक्त गुरुवारी यायचे. त्या दिवशी काढलेलं रक्त बर्फाच्या डब्यातून हैद्राबादच्या गाडीनं तपासायला जायचं. नंबर लागायचा तो आधी कोण आलं यावर नव्हे, कुणाची परतीची गाडी आधी आहे यावर. “गंगाखेड, या आत. पिंगळी, बसा निवांत, तुमी चालत बी जाताल.” पिंगळीची माणसं चिडायची. माणिकरावांना त्याचं काही नव्हतं.

रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणून ते आधी तोंडाचा वास घ्यायचे. एका बाईला मिसरीचा वास आला तर तिला पुढच्या गुरुवारी या म्हणाले. मिसरी काय मी गिळते का, म्हणून ती भांडली. “रक्ताला समदं कळतंय,” म्हणाले आणि पुढच्या गावाला हाक मारली. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते स्वतःही शेवटच्या माणसाचं रक्त निघेपर्यंत चहाला शिवत नसत, त्यामुळे ऊन चढलं की अंगावर यायचे. याला कसला नवस हाय, असं बायका आपसात विचारायच्या.

मी त्या काळात दिवसभर झोपायची. अंग सुजलेलं, आवाज जड, भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरलेली. गावानं ढोंगी ठरवलं होतं. सासूचं म्हणणं सरळ होतं. या खेपेला रोग निघाला नाही तर हिला माहेरी सोडायची आणि दुसरी आणायची. मालक मात्र आदल्या गुरुवारी दवाखान्यात गाव सांगून आले आणि मग मला घेऊन निघाले.

दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीचे. एसट्या बंद, आमची आगगाडी पूर्णेला अडकून पडली. पोचलो तेव्हा बाकडी रिकामी होती. डॉक्टर डबा बंद करा म्हणून रागवत होते आणि माणिकराव एकच सांगत होते, “चुडावा यायचंय अजून.”

मी आले, तर माझा हात बर्फासारखा आणि शीर सापडेना. डॉक्टरांनी माणिकरावांसाठी दामटून चहा मागवला होता. टेबलावर वाफ निघत होती. माणिकरावांनी तो गरम ग्लास माझ्या मुठीत दिला आणि वरून आपला मफलर गुंडाळला. चहा निवला, हाताला ऊब आली, शीर वर आली. रक्त निघताच डबा काखेत मारून ते स्टेशनाकडं पळाले. चहा तसाच राहिला.

तपासात रोग निघाला, थायरॉईडचा. रोग निघाला म्हणून एवढी खूश झालेली बाई डॉक्टरांनी दुसरी पाहिली नसेल. दुसरी आणायचं सासूनं सोडून दिलं. गोळी सुरू झाली आणि ज्वारीच्या काढणीला मी रानात होते.

पुढच्या खेपेला मी माणिकरावांना विचारलं, तुम्ही कशापायी उपाशी राहता? ते डब्यात बर्फ भरत होते. वर न बघता म्हणाले, “घरी कोण बसलंय वाढायला? मंडळी जाऊन लय वर्षं झाली. हितं निदान संगतीनं उपाशी राहता येतंय.”

त्यानंतर दवाखान्यात गेले की मी त्यांच्यासाठी भाकरी नेत असे. शेवटचं रक्त निघालं की आम्ही बाकड्यावर बसून खायचो. पहिल्या दिवशी त्यांनी भाकरीचाही वास घेतला होता.

गोळी मी अजून रोज सकाळी उपाशीपोटी घेते. सासू गेली, मालक गेले, माणिकरावही गेले. चुडावा अजून आहे.