दौलतरावांच्या अंगणातली वहिवाट

पालेगावात कायदा कळणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, याबद्दल दौलतरावांच्या मनात तिळभर शंका नव्हती. उल्हासनगरच्या एका वकिलाकडे कारकुनी करून ते निवृत्त झाले, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी आपल्याच ओट्यावर बसून गावाला कायदा सोपा करून सांगू लागले.

"कॅव्हेट म्हणजे? मला विचारल्याशिवाय समोरच्याचं ऐकू नका, असं कोर्टाच्या कानात आधीच घालून ठेवणं. स्टे म्हणजे? आहेस तिथंच थांब, हलू नकोस."

हे ते अशा आवाजात सांगत की ओट्यावरचं मांजरही हलत नसे.

त्या दिवशी तर त्यांना निराळंच स्फुरण चढलं होतं. उद्या अंगणाला लोखंडी गेट बसणार होतं! रिक्षा स्टँडची जवळची वाट त्यांच्या अंगणातून जायची, म्हणजे अख्खं गाव त्यांच्या दुपारच्या झोपेवरून चालत जायचं. उद्यापासून सगळं बंद!

"आज कुठला शब्द, मामा?" शेजारच्या कैलासनं विचारलं.

"ईझमेंट," दौलतराव रंगात येऊन म्हणाले. "आपल्याकडे वहिवाट म्हणतात. दुसऱ्याच्या जागेतून वीस वर्षं उघडपणे, हक्कानं ये-जा केलीस, की ती वाट मालकाच्या बापालाही बंद करता येत नाही."

ओट्यावरची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. विषय खोल उतरतोय, असं दौलतरावांना वाटलं.

कैलासनं अंगणाकडे पाहिलं. "मामा, मी तर शाळेत होतो तवापासून इथूनच जातो."

"माझी वरात पण इथूनच आली," ओट्याच्या कडेला बसलेल्या चांगुणाबाई म्हणाल्या. "आता मला सून आली."

उद्याचं गेट आपण आपल्याच तोंडानं अडवलं, हे दौलतरावांच्या ध्यानात आलं. पण गडी मुरलेला कारकून! "थांबा. मालकाच्या परवानगीनं ये-जा केली, तर असा हक्क लागत नाही. आणि मी तुम्हाला परवानगी दिली होती. प्रेमानं."

"कधी?"

"रोज."

"रोज तर तुमी तंगडी तोडायची भाषा करता," कैलास म्हणाला. "परवा चप्पल फेकलीत."

"ती माझी बोलायची पद्धत आहे."

"साक्षीदार कोण?" चांगुणाबाईंनी विचारलं. शिकवणी वाया गेली नव्हती.

दौलतरावांनी आत हाक मारली. त्यांची बायको वेणूबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.

"सांग यांना," दौलतराव घाईघाईनं म्हणाले, "मी येणाऱ्या-जाणाऱ्याला गोडीनं 'या, जा' म्हणतो की नाही?"

वेणूबाईंनी आधी गावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "शपथेवर सांगायचंय?"

"अगदी शपथेवर."

"मग नाही. लग्न करून या घरात आले, तेव्हापासून मलासुद्धा कधी 'ये, बस' म्हणाले नाहीत."

सकाळी गेट बसवणारा सुदाम टेम्पोतून गेट घेऊन आला. अंगणातून माणसं नेहमीसारखी स्टँडकडे निघाली होती. आणि दारात उभे राहून दौलतराव एकेकाला हात जोडत होते, "या, या. जा इथूनच, माझी परवानगी आहे. चहा घेता का घोटभर?"

सुदाम टेम्पोतून उतरलाच नाही. त्यानं वेणूबाईंना खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "मामी, गेट राहू दे. आधी मामांना डॉक्टरकडे सोडू का?"