फक्त गालावरचा लाल

आमच्या शेजारचे कादरसर बायकोची तब्येत नंबरात सांगतात. सकाळी दाराशी सहज "चाची कशा आहेत?" म्हणून विचारावं, तर सर चष्मा कपाळावर सारून म्हणणार, "आज लाल चोवीस लागला." याचा अर्थ कळायला मला आठ दिवस लागले आणि कळल्यावर माझी झोप उडाली ती उडालीच.

सर कळंबच्या शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवून रिटायर झाले. मी त्यांचीच विद्यार्थिनी. मी काढलेला आंबा वर करून "हा बटाटा कुणाचा?" असं त्यांनी भर वर्गात विचारलं होतं. तो राग मी अजून सोडलेला नाही, तरी शेजार सुटत नाही.

रिटायर झाल्यावर सरांनी पुतण्याचा जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि फोटोतले रंग वाढवायचा नाद लावून घेतला. पण सगळ्या फोटोला एकदम भडक करणारे लोक त्यांच्या लेखी अडाणी. "वरणात मीठ कमी पडलं तर वरणात टाकायचं, का घरभर उधळायचं?" फोटोतली एकच वस्तू घेरायची, स्क्रीनवरची पट्टी सरकवून तिचा एकच रंग वाढवायचा, शेजारच्या वस्तूला धक्का लागू द्यायचा न्हाय, ही त्यांची शिकवण. पट्टी किती सरकली त्याचा आकडा बाजूला दिसतो, आणि सरांचा जीव त्या आकड्यात.

एकदा पहाटे पहाटे बेल वाजली. मला वाटलं, कुणाला काय झालं! दारात सर. "सुनंदा, बारशाला तुझी साडी मोरपंखी होती का गं? फोटोत पाटीसारखी काळी आलीय. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाय." मग ती साडी काढून, इस्त्री न करता, मी अर्धा तास त्यांच्या ओट्यावर उभी. आमचे हे खिडकीतून फिदीफिदी हसत होते.

दुसऱ्या खेपेला एकानं विकायला काढलेल्या ट्रॅक्टरचा फोटो आणला. सरांनी नुसता लाल वाढवला. ढोकीहून गिऱ्हाईक आलं, ट्रॅक्टर बघितला, आणि तरातरा सरांच्याच दारात उभं राहिलं. "फोटोतला कुठंय? तो द्या मला!" सरांनी त्याला चहा पाजला, माफी मागितली, आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. "माझ्या रंगामुळं माणूस फसला, सुनंदा."

असला माणूस रोज सकाळी स्वतःच्या पोरीला फसवायला लागला होता.

सरांची एकुलती एक रुबीना पुण्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मागल्या साली चाची मोरीत चक्कर येऊन पडल्या, तेव्हा पोरगी परीक्षा अर्धी टाकून पळत आली. वर्ष वाया गेलं. आता परत परीक्षा आली, आणि चाची परत पांढऱ्या पडायला लागल्या. चार पायऱ्या चढल्या की धाप. रुबीना रोज म्हणायची, अम्मीचा फोटो पाठवा. तिला तर माणसाचा रंग बघून रोग ओळखायलाच शिकवलेलं! म्हणून सर रोज चाचींचा फोटो काढायचे, गाल घेरायचे, नुसता लाल वाढवायचे आणि पाठवायचे. व्हिडिओ कॉल आला की "नेट गेलं, नेट गेलं" म्हणून बंद. "चालत्या तोंडाचा रंग मला जमत न्हाय ना," मला म्हणाले.

तर तो नंबर म्हणजे हा. चाची जितक्या फिक्या, तितका लाल जास्त लागणार. चोवीसचा सत्तावीस झाला, सत्तावीसचा एकतीस. मीही वेड्यासारखी रोज नंबर विचारायला लागले. ऑफिसात फायली उघडून बसायचे आणि डोक्यात एकतीस, एकतीस. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, लातूरला नेऊन सगळ्या तपासण्या करा. जायचा दिवस ठरला. सर रोज मंडईतून बीट आणायचे. बिटानं रक्त वाढतं म्हणे.

आणि एके दिवशी नंबर उतरला. वीस. मग पंधरा. मग अकरा. सर म्हणाले, "लातूरचं रद्द केलं. कशाला तिला दगदग?" मला इतकं हलकं वाटलं की मी शिरा केला, आणि वाटी घेऊन मागच्या दारानं थेट चाचींच्या स्वयंपाकघरात शिरले.

चाची खिडकीतल्या आरशापुढं उभ्या होत्या, आणि बिटाची चकती गालाला चोळत होत्या.

"चाची! हे काय करायलाव?"

"हळू बोल गं माय. सर फोटो काढायला येतेत आता." त्यांनी पदरानं गाल टिपले. "एकतीस झाल्यापासून डोळा लागत नव्हता त्यांचा. आता नंबर उतरला तर कसे घोरायलेत! ते घोरले की मलाबी झोप लागती. चार दिस झोपू दे की त्यांना."

शिऱ्याची वाटी तिथंच आपटून मी बाहेर आले. चार दिस म्हणे! चार दिवसांत ही बाई पुन्हा मोरीत पडली तर? नंबरावर भरवसा ठेवून या माणसानं लातूर रद्द केलं, आणि नंबर निघाला बिटाचा!

सर कॉम्प्युटरपुढं बसले होते. मी दम न घेता सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हे कोसळतील. सर जागचे हलले नाहीत.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले.

"काय?"

"बत्तीस वर्षं पोरांना रंग शिकवले, सुनंदा. बिटाचा लाल जांभळ्याकडं झुकतो. माणसाचा न्हाय झुकत. मला पहिल्याच दिवशी दिसलं." मग हळूच म्हणाले, "ती आरशापुढं एवढी धडपड करती. म्हणलं, नंबर कमी सांगावा. तिला बरं वाटंल."

"आणि ते घोरणं?"

"खोटं घोरतो मी."

माझा असा संताप झाला! हे शिक्षक, वयानं बापासारखे, पण मी ओरडलेच. "अहो मग लातूर का रद्द केलंत? कळतंय सगळं, तरी?"

सरांनी चष्मा काढला. किती वेळ पुसत बसले.

"भ्या वाटलं. इथं नंबर मी सांगतो, सुनंदा. तिथं ते सांगणार."

बाजूच्या खोलीतून चाचींचा आवाज आला, "फोटो काढताव न्हवं?" सर उठले, दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "तोंड धुऊन घे, जुबेदा. लातूरला जायचंय."

आत नळ सुटला.

त्याच दिवशी आम्ही तिघं एसटीनं निघालो. चाची खिडकीशी, सर मधे, मी कडेला. गाव मागं पडल्यावर सरांनी चाचींचा फोटो काढला. मोबाईल हातात धरून बसून राहिले. ज्या माणसानं जन्मात दुसऱ्याच्या डोळ्यावर भरवसा ठेवला नाही, तो माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "कशी दिसती गं ती?"

खोटं बोलावं असं फार वाटलं.

"फिकी, सर. लई फिकी."

त्यांनी मान हलवली आणि तो फोटो होता तसा पोरीला पाठवला. मग चाचींचा हात दोन्ही हातांत धरला.

"सोडा की, लोक बघायलेत," चाची म्हणाल्या.

"बघू दे."

मोबाईल वाजायला लागला. रुबीनाचा व्हिडिओ कॉल होता. सरांनी उचलला, आणि मोबाईल चाचींच्या तोंडापुढं धरला.