आत्याबाई नाही म्हणाल्या

साहेब, तुम्ही खोटं बोललात. खराडीतल्या काचेच्या इमारतीत बसून तुम्ही यंत्राला बुद्धिमान म्हणालात, आणि स्वतः जन्मात कुणाच्या दारात आमंत्रण घेऊन गेला नाहीत.

हडपसरच्या रंगरावांची मुलगी भाग्यश्री तुमच्याच हाताखाली कामाला. आपल्या साखरपुड्याची आमंत्रणं तिनं तुमच्या यंत्राकडून फोनवर दिली. यंत्र गोड बोलायचं, कोण येणार ते टिपायचं आणि जेवणवाल्याला परस्पर आकडा कळवायचं. रंगराव खूश. वारज्यापर्यंतची खेप वाचली.

वारज्यात त्यांची थोरली बहीण, चंद्रभागाआत्या. आई गेल्यावर रंगरावांना तिनंच वाढवलेलं. यंत्राचा फोन आला तेव्हा ती रीतीप्रमाणे म्हणाली, "आम्ही कशाला हवेत तुम्हाला? आम्ही नाही येत."

यावर रीतीप्रमाणे "असं कसं, तुमच्याशिवाय पान हलतं का" असं यायला हवं होतं. यंत्र म्हणालं, "आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. आपलं नाव वगळलं आहे. आपला दिवस चांगला जावो."

आत्यानं दिवस चांगला घालवला. सगळ्या भावकीला फोन केले. मग जो तो यंत्राला सांगू लागला, "आत्या नाही, तर आम्हीही नाही." यंत्रानं प्रत्येकाचा आदर केला. संध्याकाळी जेवणवाल्यानं विचारलं, "काका, साखरपुडा आहे ना अजून? फक्त मुलाकडचीच पानं उरलीत."

रंगराव रिक्षा करून वारज्याला गेले. आत्यानं पाणी दिलं, बस म्हणाली नाही.

"अक्का, ते मशीन आहे. त्याला काय कळतंय."

"तुला कळतंय ना? मग तू का नाही केलास फोन?"

तेवढ्यात रंगरावांचा मोबाइल वाजला. कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलत. यादीत त्यांचंही नाव होतं, त्यामुळे यंत्र त्यांनाही साखरपुड्याचं आमंत्रण देत होतं.

रंगराव आधीच पेटलेले. "मी नाही येत. करा म्हणावं तुमचं तुम्ही."

"आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. आपलं नाव वगळलं आहे."

पोरीच्या साखरपुड्यातून बाप कमी झाला होता आणि "असं कसं" म्हणायला कुणी नव्हतं.

आत्यानं खुर्ची पुढे सरकवली.

"बस. असं कसं, रंगा? बापाशिवाय साखरपुडा होतो का कुठं?"

"मी नाही जात."

"जा म्हणते ना."

"तू येतेस?"

"मला कुणी बोलावलंय?"

"मी बोलावतोय. चल ना, अक्का."

आत्यानं पदरानं उगाच टेबल पुसलं. "बघू," ती म्हणाली.

रंगरावांनी तिथूनच जेवणवाल्याला फोन लावला. "सगळी पानं परत धर. भावकी येतेय."

साहेब, बाई फक्त "बघू" म्हणाली होती. रंगरावांनी पानं का वाढवली? यंत्राला विचारू नका. तुम्ही सांगा.