उन्हाचा बंब

सुभेदार हंबीररावांनी मिशी पणाला लावली ती एका बंबापायी.

मलकापूरच्या त्यांच्या घरी न्हाणीशेजारी तांब्याचा बंब होता. रोज सकाळी तो धुमसायचा आणि मनुबाई डोळे पुसत त्यात लाकडं कोंबायच्या. रॉकेलही मिळेना असं ते चौऱ्याहत्तरचं साल. सूर्य वर फुकट तापत असताना खाली लाकडं का जाळायची, असा प्रश्न हंबीररावांना ऐन चैत्रात पडला. (प्रश्न रास्त होता. सरकारलाही तो पडला होता. पण सरकारनं समिती नेमली आणि हंबीररावांनी पत्रा आणला.)

उन्हावर पाणी तापवणाऱ्या यंत्राचा फोटो त्यांनी पेपरात पाहिला होता. त्यात मंत्री फीत कापत होते आणि यंत्र मंत्र्यांच्या मागं पुरतं झाकलं गेलं होतं. तेवढ्यावरून हंबीररावांनी ते बनवलं. फौजेत जन्मभर जीपगाड्या खोललेला माणूस! पत्र्याची खाटेएवढी पेटी, आत काळ्या नळ्या, वर काच आणि शेजारी उंचावर पाण्याचं पिंप. तापलेलं पाणी निवू नये म्हणून पिंपाभोवती उसाचं पाचट आणि गोणपाट आवळून बांधलं. हा सगळा सरंजाम नव्या स्लॅबवर मधोमध मांडला.

"आवं, पर माजी वाळवणाची जागा हाय ती," मनुबाई म्हणाल्या.

"देश कुठं चाललाय, आन तुजं वाळवण!"

मनुबाईंचे धाकटे भाऊ नानासो वडूजहून आले होते. त्यांनी यंत्राला एक फेरी मारली आणि पोट धरून हसले.

"दाजी, आमच्याकडं उन्हाबिगर दुसरं काय पिकतच न्हाई. पर त्येच्यावर कुणी आंगूळ केल्याली बगितली न्हाई."

"उद्या चार वाजता तूच करशील. कढत पाण्यानं!"

"आन गार निगालं तर?"

"तर ही मिशी उतरवीन!"

हे आख्ख्या आळीनं ऐकलं. मिशीही तशीच होती. पेन्शनच्या कागदावरच्या फोटोत माणूस शोधावा लागे, मिशी नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच हंबीररावांनी विहिरीचं पाणी दोरानं वर ओढून पिंप भरलं. मळ्यात पाण्याची पाळी होती, तिकडं निघाले. जाताना म्हणाले, "ऊन काय कोन चोरून न्हेत न्हाई!"

चारला परतले तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हता. नानासो पंचा नेसून दगडावर बसले होते. केरबा न्हावी धोपटी घेऊन हजर होता. (त्याला कुणी बोलावलं, हे अजून कळलेलं नाही.) हंबीररावांनी पिंपातून खाली अंगणात उतरवलेल्या नळीची तोटी सोडली, बादली भरली आणि स्वतःच्या हातानं पहिला तांब्या मेहुण्याच्या डोक्यावर ओतला.

नानासो किंचाळले नाहीत. डोळे मिटून "हाऽऽ" म्हणाले.

"लय झाक! रांजणाचंबी इतकं गार नसतं. दाजी, आजून एक वता."

हंबीररावांनी बादलीत हात घातला आणि तसेच धडाधडा जिना चढले. काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचंच पांढरंशुभ्र धोतर अंथरलेलं होतं, आणि त्यावर कुरड्या. दिवसभराचं ऊन कुरड्यांनी घेतलं होतं. पहाटेचा गारवा पाचटानं इमानेइतबारे जपला होता.

"अगं ए! ह्ये काय?"

मनुबाई पदर खोचत वर आल्या. "वरडू नगा. जागा कुनी आडवली? म्या काय तुमच्या डोस्क्यावर वाळवू? पर काच लय ग्वाड तापती बगा. येका दिसात कडकडीत!"

हंबीरराव स्लॅबच्या काठावर येऊन गरजले, "यंत्र बराबर हाय! कुरड्यांनी घात केला!"

खालून नानासो म्हणाले, "दाजी, हरल्यावर कारनं सांगायची चाल हाय व्हय फौजंत?"

हे मात्र लागलं. सुभेदार खाली उतरले आणि पाटावर ताठ बसले. केरबानं मिशी चिमटीत धरून पाहिली.

"सुबेदार, राठ हाय. कढत पानी लागंल, न्हाईतर वस्तरा वढंल."

सगळ्यांच्या माना स्लॅबकडं वळल्या.

तेवढ्यात परसातून मनुबाई वाफाळता तांब्या पदरात धरून आल्या.

"बंबातलं हाय," त्या म्हणाल्या. "कुरड्या घातल्या तवाच पेटवून ठिवलावता."