बारावं यंत्र गप्प का?

सुबोध टिपणीस स्वतःबद्दल बोलताना आवाज खाली आणत असे. ऐकणाऱ्याला वाटावं, पुढचं वाक्य गुप्त आहे. "मरोळपासून वांद्र्यापर्यंत," तो म्हणे, "सर्व्हर बिघडला की लोक इंजिनियरला बोलावतात. सर्व्हर खोटं बोलायला लागला की मला." त्याच्या कार्डावर 'टीम लीड' छापलेलं होतं, पुढे त्याने पेनने 'व तपास' असं जोडलं होतं. आजवर चार प्रकरणं त्याच्या नावावर होती. तीन प्रकरणांत वायर निघालेली सापडली होती. चौथ्यात ती त्यानेच काढली होती.

अशा महापुरुषाच्या हाताखाली काम करणं अपूर्वाच्या वाट्याला आलं होतं.

त्या दिवशी खंडेनवमी, उद्या दसरा. काम तसं साधं होतं. औषधांच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका मोठ्या ॲप्लिकेशनचे बारा सर्व्हर होते आणि प्रत्येकात एकेक एजंट बसवायचा होता. एजंट म्हणजे छोटासा प्रोग्राम. तो सर्व्हरच्या पोटात बसतो आणि कुठलं काम रखडलं, कुणाला धाप लागली, याच्या चहाड्या मोठ्या पडद्यावर पाठवतो. अपूर्वाने हे सासूबाईंना समजावलं तेव्हा कुंदाताई म्हणाल्या होत्या, "म्हणजे आमच्या विक्रोळीच्या चाळीतली शेवंती."

एजंट बसवला की ॲप्लिकेशन एकदा बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. नाहीतर तो नुसता झोपून राहतो. आणि या ऑफिसात ते फक्त सर्व्हर रूम सांभाळणारे नाना करत. मागे कुणीतरी जागेवर बसून भलताच सर्व्हर बंद केला होता, तेव्हापासून नियमच झाला होता: यादी कागदावर द्यायची, नाना सर्व्हर रूममध्ये जाऊन एकेक करणार, खूण करणार, कागद परत आणणार. अपूर्वाने अकरा वाजता यादी दिली, ती बारा वाजता परत आली. दोन वाजता पडद्यावर अकरा सर्व्हर हिरवेगार डोलत होते. बारावा गायब.

"पाचपर्यंत बाराच्या बारा दिसले पाहिजेत," सुबोध म्हणाला. "नाहीतर उद्या कुणाला तरी यावं लागेल."

"कुणाला?"

"मी या तपासाचा मेंदू आहे, अपूर्वा. मेंदूला सुट्टी लागते."

अपूर्वाला लेक आठवली. उद्या सईचं पहिलं पाटीपूजन. साडेतीन वर्षांची सई आठवडाभर रोज सकाळी 'आज का?' विचारत होती. पाटीवर सरस्वती काढताना मी तुझा हात धरीन, असं अपूर्वाने तिला कबूल केलं होतं. आणि सई कबूल केलेलं काहीच विसरत नसे.

"सर, बारावा शेवटचा कधी चालू झाला, ते एकदा बघू का?"

"सामान्य माणूस सामान्य गोष्टीपासून सुरुवात करतो." सुबोधने तिचा कीबोर्डच उचलून काखेत मारला. "पुरावा आहे हा. आता ऐक. पहिली शक्यता: आपला एजंट फितूर झालाय."

"सर, तो प्रोग्राम आहे."

"सगळेच फितूर सुरुवातीला प्रोग्रामप्रमाणे वागतात."

या वाक्यावर तो स्वतःच इतका खूश झाला की त्याने ते वहीत उतरवून घेतलं. त्यात दहा मिनिटं गेली. मग दुसरी शक्यता आली: बाहेरून हल्ला. हल्लेखोर कोण, तर प्रतिस्पर्धी कंपनी. पुरावा काय, तर तिथला एक माणूस परवा खालच्या टपरीवर सुबोधकडे बघून हसला होता.

"ओळखीचा असेल."

"माझा मावसभाऊ आहे. म्हणून तर संशय!"

तिसऱ्या शक्यतेला यादीचा कागद कारणीभूत ठरला. अकरा नंबरांपुढे निळ्या पेनची खूण होती. बाराव्यापुढे लाल ठिपका. सुबोधने भिंग काढलं. ते खरं म्हणजे कागद दाबायचं काचेचं वजन होतं, पण तो भिंग म्हणे.

"रक्त!"

अपूर्वाने कागद बोटाने चोळला. "कुंकू आहे सर. सकाळी पूजा झाली ना, सगळ्यांच्याच हातांना लागलंय."

"कुंकू. म्हणजे विवाहित स्त्री." त्याची नजर हळूहळू तिच्या कपाळावर चढली.

"ही टिकली आहे. पाकिटातली. चिकटवायची."

"चिकटलेली व्यक्ती लवकर सुटत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. याचा अर्थ त्यालाही कळला नसावा, कारण हे त्याने लिहून घेतलं नाही.

साडेतीन वाजले. नानांची उलटतपासणी सुरू झाली. नाना मूळचे कणकवलीचे, तीस वर्षं याच इमारतीत. ते डोक्यावरची टोपी सावरत दारात उभे राहिले.

"नाना, खरं सांगायचं. बाराव्या मशीनला तुम्ही हात लावलात?"

नाना दोन पावलं मागे सरले. "हात? आज? सायबानू, मी काय येडो आसंय? बोट सुदिक लावूक नाय!"

"डोळे बघ," सुबोध अपूर्वाच्या कानात कुजबुजला. "हा माणूस खरं बोलतोय. निर्दोष! नाना, तुम्ही जाऊ शकता."

नाना समाधानाने गेले. सुबोधने वहीत त्यांच्या नावावर काट मारली. घड्याळ चारकडे सरकत होतं आणि कीबोर्ड अजून त्याच्या काखेत होता. अपूर्वा गॅलरीत गेली आणि घरी फोन लावला. तसा ती तासातासाला लावतच असे.

"आई, सई जेवली? खोकला वाढला नाही ना? खिडकीची जाळी लावलीय ना?"

"जेवली, नाही, लावलीय," कुंदाताईंनी ओळीने उत्तरं दिली. "तुझा आवाज का गं असा?"

अपूर्वाने सगळं सांगितलं. फितुरी, मावसभाऊ, लाल ठिपका, नाना.

"थांब थांब. पूजा कशाची केली तुमच्याकडे?"

"सर्व्हरची. दाराजवळचा एक घेतला सगळ्यांच्या वतीने. हार, सुपारी, हळदकुंकू, सगळं."

"कितवा?"

अपूर्वाने बोटांवर मोजलं. दाराजवळचा म्हणजे बारावा.

"अगं, मग त्याला हात कोण लावेल?" कुंदाताई म्हणाल्या. "खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत कोणी उचलतं का? माझे सासरे गिरणीत होते, त्या दिवशी घरातली कात्रीसुद्धा मिळायची नाही. त्या माणसाने बाकीची अकरा बंद-चालू केली, आणि हे पुजलेलं तसंच ठेवलं. टिंब लावून कळवलं की तुम्हाला! तुम्ही वाचलं नाही, तो काय करणार?"

नानांना परत बोलावलं. "व्हय तर," ते शांतपणे म्हणाले. "पुजलेल्या वस्तूक आज हात लावचो नसता. फाल्या सकाळी करतलंय."

"मग मघाशी सांगितलं का नाही?" सुबोध ओरडला.

"तुम्ही इचारलात, हात लावलंस काय. नाय लावलंय. ताच सांगलंय."

अपूर्वाने फोन स्पीकरवर टाकला. "आई, उद्या सकाळपर्यंत थांबता येणार नाही. काही मार्ग?"

"खंयचे ओ तुम्ही?" फोनमधून थेट प्रश्न आला.

"कणकवलीचो."

"मी देवगडची. आयका. देव मशीनीत नाय, सुपारीत आसा. अक्षता वाहा, 'पुन्हा येवा' म्हणा आणि सुपारी उत्तरेक जराशी सरकवा. देव मोकळो, तुम्ही मोकळे."

नाना विचारात पडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "ह्या बाकी खरा हां."

खिशातल्या पुडीतून अक्षता निघाल्या. आता उत्तर कुठे, हा प्रश्न आला आणि सुबोधमध्ये पुन्हा जीव आला. त्याने मोबाइलवर होकायंत्र उघडलं, सर्व्हर रूमच्या मधोमध उभा राहून तीन गिरक्या घेतल्या आणि ठामपणे हात केला. "ही उत्तर!"

"सायबानू, तकडे इमानतळ. ती दक्षिण."

नानांनी हात जोडले, सुपारी दुसऱ्या बाजूला बोटभर सरकवली, हार उतरवून बाजूला ठेवला आणि बटण दाबलं. चार मिनिटं गेली. मग पडद्यावर बारावा चौकोन उगवला, आधी राखाडी, मग हिरवा. चार वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती.

"माझा संशय सुरुवातीपासून कुंकवावरच होता," सुबोध म्हणाला आणि अहवाल लिहायला बसला. मथळा होता: 'एका विवाहित स्त्रीच्या साहाय्याने उलगडलेलं रहस्य'. त्यातली विवाहित स्त्री आपण नसून देवगडच्या कुंदाताई आहेत, हे अपूर्वाने त्याला सांगितलं नाही. तिला कीबोर्ड परत हवा होता.

पाच वाजता तिने खाली रिक्षा पकडली आणि घरी फोन लावला. "आई, झालं! उद्या मी घरी. सईला सांगा, हात मीच धरणार."

"सांगते. येताना पाटीवरची पेन्सिल आण हां. संपली."

"संपली? काल तर अख्खी डबी आणली होती! एवढं गिरवलं तिने?"

पलीकडून सईच्या तोंडातला कुरुमकुरुम आवाज आला.

"गिरवलं कुठे," कुंदाताई म्हणाल्या.